एकोणचाळीस मिनिटांचे बेट

“किती वाजले?” या प्रश्नाइतका निरुपद्रवी प्रश्न दुसरा नसेल. रस्त्यात एखादा अनोळखी माणूस तो विचारतो, आपण मनगटाकडे पाहून उत्तर देतो, आणि दोघेही आपापल्या वाटेला लागतो. त्या उत्तरावरून कोणी भांडेल, हे मनातदेखील येत नाही. परंतु वाचकहो, याच प्रश्नापायी आपल्या मुंबईत एके काळी गिरणीवर दगड पडले, सभा गाजल्या, अर्जांवर हजारोंनी सह्या झाल्या, आणि शहराचा कारभार पाहणारी नगरसंस्था चाळीसहून अधिक वर्षे देशाच्या घड्याळापेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे राहिली. मुंबई मुळात सात बेटांची. मधला समुद्र बुजवून त्या बेटांचे एक शहर झाले. आणि ते शहर पुन्हा काळाच्या समुद्रात एक निराळे बेट होऊन बसले!

त्या बेटाची, आणि महासागरात दूरदूर पसरलेल्या त्याच्या भाऊबंदांची हकीकत आज सांगावयाची आहे. माझा विषय मराठी भाषा, खगोलशास्त्र नव्हे. तथापि या हकीकतीचा धागा फिरून फिरून आमच्या गावच्या शाळकरी मुलांपर्यंत येतो, म्हणून हा खटाटोप.

पारगावचा सूर्य

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांना खेटून आहेत, आणि दोहोंतही पारगाव नावाचे गाव आहे. ‘मी पारगावचा’ असे म्हटले की जाणता माणूस लगेच विचारतो, ‘आळ्याकडचं की कारखान्याकडचं?’ भीमाशंकर सहकारी साखर कारखाना ज्याच्या हद्दीत आहे, ते आंबेगाव तालुक्यातील पारगाव. पण आजच्या विषयापुरता हा तंटा मिटवता येतो. दोहोंपैकी कोणत्याही पारगावात भर दुपारी काठी उभी करा. घड्याळात बाराचे ठोके पडतील, पण काठीची सावली सर्वांत आखूड व्हावयाला अजून अर्धा तास अवकाश असेल. आमचा मध्यान्ह सरासरीने बारा वाजून सुमारे ३४ मिनिटांनी होतो. ऋतुमानाप्रमाणे त्यात काही मिनिटे इकडेतिकडे होतात, एवढेच.

याचे कारण सोपे आहे. भारताची प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२ अंश ३० कलांवर धरलेली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरावयाला चार मिनिटे लागतात. पारगाव त्या रेषेच्या पश्चिमेस साधारण साडेआठ अंशांवर आहे. करा गुणाकार! मिर्झापूरच्या माथ्यावर आलेला सूर्य आमच्या माथ्यावर यावयाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेतो, आणि मुंबईला तर एकोणचाळीस मिनिटे.

घड्याळे घरोघर येण्यापूर्वी या फरकाचे कोणाला काही वाटत नसे. आमच्याकडे झुंजूमुंजू होई, तांबडे फुटे, दिवस कासराभर वर येई, उन्हे कलत, तिन्हीसांज होई, दिवेलागण होई. या शब्दांची मौज अशी की, ते कोठेही चुकत नाहीत. पारगावात, रत्नागिरीत किंवा एखाद्या दूरच्या बेटावर, दिवस कासराभर वर आला म्हणजे तो तेथे खरोखरच तेवढा वर आलेला असतो. ‘सात वाजले’ या शब्दांना मात्र तशी हमी नाही. ते कोठले सात, हे आधी ठरवावे लागते.

आर्यभटाची चार ठिकाणे

हे ठरवण्याची गरज आपल्या पूर्वजांनाही भासली होती. उज्जयिनीवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा त्यांनी शून्य रेषा मानली, आणि ती जेथे विषुववृत्ताला मिळते त्या ठिकाणाला ‘लंका’ म्हटले. ही आजची श्रीलंका नव्हे; भर समुद्रातले, गणितासाठी कल्पिलेले ते एक ठिकाण. विषुववृत्तावरच नव्वद नव्वद अंशांच्या अंतराने आणखी तीन ठिकाणे कल्पिली होती. लंकेत सूर्य उगवतो, तेव्हा यमकोटीला मध्यान्ह असतो, सिद्धपुरात सूर्यास्त, आणि रोमकात मध्यरात्र. असे सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी आर्यभटाने सांगून ठेवले आहे. समुद्रातल्या चार ठिकाणी एकाच क्षणी चार वेगळ्या वेळा! आपले गाव त्या शून्य रेषेच्या पूर्वेस की पश्चिमेस हे पाहून पंचांगकर्ते जी दुरुस्ती करीत, तिला ‘देशांतर संस्कार’ म्हणतात. प्रत्येक गावाचा सूर्य निराळा, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

ही जुनी सोय मोडली ती आगगाडीने. बैलगाडीला मिनिटांचे सोयरसुतक नव्हते. पण एकाच रुळावरून दोन गाड्या सोडावयाच्या, तर दोन्ही टोकांच्या स्टेशनमास्तरांचे घड्याळ एक हवे. नाहीतर वेळेची चूक प्राणांवर बेतावयाची.

मुंबईचा हट्ट

इंग्रजी अमदानीत मद्रासला एक वेधशाळा होती, आणि हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासच्या वेळेने चालू लागल्या. मुंबईतही कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली होती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळणे, हा तिच्या स्थापनेमागचा एक हेतू. थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले. मुंबईला स्वतःचा सूर्य होता आणि तो मोजणारी माणसेही होती. मग तिने मद्रासचे घड्याळ का लावावे?

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ सुरू केली. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे गृहस्थ. मद्रास वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. लोकांनी ती मानली नाही. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवीत राहिले, तेव्हा त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च देण्यास सरकारने नकार दिला! अखेर दोन वर्षांत, १८८३ साली, सरकारलाच माघार घ्यावी लागली.

दुसरी लढाई अधिक मोठी होती. ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास अशी नवी प्रमाणवेळ सरकारने आणली, आणि १ जानेवारी १९०६ पासून ती मुंबईत लागू केली. आता सरकारी घड्याळ मुंबईच्या सूर्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले. तो काळही लक्षात घ्या. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, आणि लोकांचा सरकारवरील विश्वास उडाला होता. गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, आणि त्यांच्या उजेडात कामाचे तास लांबले होते. अशा वेळी गिरणीचा भोंगा जर नव्या वेळेने वाजणार, तर कामगाराला आणखी एकोणचाळीस मिनिटे आधी अंधारात उठावे लागणार. साहेबाला ती आकडेमोड होती. चाळीतल्या माणसाला ती झोप होती. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात एका गिरणीतील हजारो कामगारांनी काम टाकले, दगडफेक झाली. शहरात निषेधाच्या सभा झाल्या.

सर फिरोजशहा मेहता यांचा शब्द तेव्हा मुंबईच्या म्युनिसिपालिटीत चालत असे. म्युनिसिपालिटीने आपली घड्याळे पुन्हा मुंबईच्या वेळेला लावली, आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षे ती तशीच ठेवली. बोरीबंदरचे रेल्वे स्टेशन आणि महापालिकेची इमारत रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. एकीत स्टँडर्ड टाइम, दुसरीत मुंबई टाइम. रस्ता ओलांडला की एकोणचाळीस मिनिटांचा फरक! जुन्या हस्तपत्रिकांवर आणि निमंत्रणांवर वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ अशी अक्षरे छापलेली दिसतात, त्यांचा उगम या दुहेरी कारभारात आहे.

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातून, मावळातून आणि खेडमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला डबे पोहोचविण्यासाठी जात आली आहेत. माझे आजोबा त्यांतलेच. चाळिशीच्या दशकात ते मुंबईत होते. त्याच काळात, म्हणजे १९४२ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत, सरकारने देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे केले होते. आजोबांच्या मनगटावर घड्याळ कधीच नव्हते. पण त्यांचे सारे आयुष्य लोकलच्या मिनिटांवर चाले. ते म्हणत, “सायबाला भूक लागायची ष्टँडर्ड टायमानं, आन् मालकिणीची चूल पेटायची मुंबई टायमानं, मधली येळ आमच्या डोक्यावर!”

मुंबईचा हट्ट कोणी हुकूम काढून मोडला असे नाही. रेल्वे, तार, रेडिओ, बँका, बाजार, सारे स्टँडर्ड टाइमने चालू लागले, आणि मुंबईचे व्यवहार मुंबईपुरते उरले नाहीत. कलकत्त्यानेही आपली वेगळी वेळ १९४८ साली सोडली. ज्याच्याशी रोजची देवघेव, त्याचे घड्याळ माणूस अखेर आपल्या भिंतीवर लावतो. महासागरातील बेटांची कथा याहून निराळी नाही.

वार बदलणारी बेटे

पॅसिफिक महासागरात सामोआ नावाचा छोटा देश आहे. वार बदलण्याची जी रेषा नकाशावर काढलेली असते, ती त्याच्या अगदी जवळून जाते. १८९२ साली सामोआचा व्यापार अमेरिकेशी होता. म्हणून त्याने अमेरिकेचा वार पत्करला, आणि त्या वर्षी तेथे ४ जुलै हा दिवस लागोपाठ दोनदा साजरा झाला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी वाढला. इकडे सोमवारची कचेरी उघडावी, तर तिकडे मंगळवार. तिकडे शनिवारची सुटी, तर इकडे शुक्रवारचे काम. शेवटी सामोआने रेषेची बाजूच बदलली. २०११ साली २९ डिसेंबरच्या गुरुवारी लोक झोपले, ते ३१ डिसेंबरच्या शनिवारी उठले. ३० डिसेंबरचा शुक्रवार त्या देशात उजाडलाच नाही! शेजारचे अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिले. दोहोंत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरचे. आज दोन्हीकडच्या घड्याळांत काटे एकाच जागी असतात, आणि कॅलेंडरवर वार वेगळा.

किरिबाटी या देशाची अडचण आणखी अवघड होती. त्याची बेटे हजारो किलोमीटर पसरलेली, आणि ती रेषा देशाच्या मधूनच जात असे. राजधानीत सोमवार उजाडला, तरी पूर्वेकडच्या बेटांवर रविवारच चालू. आठवड्यात दोन्हीकडे एकदम कामाचे असे चारच दिवस सापडत. १९९४ साल सरून १९९५ लागताना किरिबाटीने पूर्वेकडच्या बेटांवरील एक दिवस गाळला, आणि सारा देश एका वारावर आणला. म्हणून आज तेथील किरितिमाती बेटाचे घड्याळ ग्रिनिचच्या पुढे चौदा तास असते, आणि नवे वर्ष जगात सर्वांत आधी तेथे लागते.

काही बेटे तर पूर्ण तासाचेही बंधन पाळीत नाहीत. न्यूझीलंडच्या पूर्वेकडील चॅटम बेटे मुख्य देशाच्या पुढे पाऊण तास असतात. ऑस्ट्रेलियाजवळचे लॉर्ड हाव बेट उन्हाळ्यात घड्याळ पुढे करते, पण इतरांप्रमाणे तासभर नव्हे, अर्धा तास. मालदीवमध्ये पर्यटकांची कित्येक हॉटेले आपल्या बेटापुरते घड्याळ राजधानीपेक्षा एक तास पुढे ठेवतात. पाहुण्यांना संध्याकाळचे ऊन थोडे अधिक मिळावे, एवढाच हेतू!

आपली माणसेही अशा एका बेटावर आहेत. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज तेथे आहेत. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. तेथले घड्याळ आपल्यामागे दीड तास. पारगावात संध्याकाळी सातला लक्ष्मीपूजन चालू असते, तेव्हा मॉरिशसच्या घड्याळात साडेपाच झालेले असतात, आणि पणत्या लावावयाला वेळ असतो. त्या देशानेही २००८-०९ च्या उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करून पाहिले. लोकांना ते मानवले नाही. पुढच्या वर्षी तो प्रयोग सोडून दिला.

आपल्या घरातली दोन टोके

आता आपल्याच देशाकडे पाहा. मिर्झापूरच्या रेषेपासून मुंबई जितकी पश्चिमेस, जवळजवळ तितकेच अंदमानचे पोर्ट ब्लेअर (आता त्याचे नाव श्रीविजयपुरम) पूर्वेस आहे. मुंबईचा सूर्य घड्याळाच्या मागे एकोणचाळीस मिनिटे. पोर्ट ब्लेअरचा घड्याळाच्या पुढे सुमारे एक्केचाळीस मिनिटे. जूनमध्ये तेथे पाचच्या सुमारास सूर्योदय होतो, आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त. दुसरीकडे लक्षद्वीपातले मिनिकॉय आणि त्याच्या दक्षिणेकडील मालदीव जवळजवळ एकाच रेखांशावर. दोन्हीकडे सूर्य एकदमच माथ्यावर येतो. पण मिनिकॉयचे घड्याळ दिल्लीचे आणि मालदीवचे मालेचे, म्हणून दोहोंत अर्ध्या तासाचा फरक. सूर्य एक, राज्ये दोन, वेळा दोन!

ईशान्येकडे तर दिवस आणखी लवकर उगवतो. आसामातील चहाच्या मळ्यांत पूर्वापार एक ‘बागान वेळ’ चालत आलेली आहे. ती प्रमाणवेळेच्या तासभर पुढे. ज्यांच्याकडे देशाचे घड्याळ सांभाळण्याचे काम आहे, त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनीच २०१८ साली ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबार यांच्यासाठी तासभर पुढची दुसरी वेळ सुचविली होती. ती अमलात आलेली नाही. एका देशात दोन वेळा झाल्या तर सीमेवर रेल्वेचा गोंधळ होईल, ही भीती बोलून दाखविली जाते, आणि ती अगदीच पोकळ नाही.

आमच्या शेजारी मात्र एक संस्था सूर्याचे घड्याळ बाजूला ठेवून काम करते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. जुन्नर तालुक्यात खोडदला जगप्रसिद्ध महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड थाळ्या सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या. तेथील शास्त्रज्ञांची देवघेव ताऱ्यांशी. तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो. म्हणून वेधांचे वेळापत्रक आखताना त्यांना नाक्षत्र वेळ पाहावी लागते, आणि तिचा दिवस तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा असतो. ऊस, कांदा आणि द्राक्षे यांच्या शिवारात ताऱ्यांच्या वेळेचे हे एक बेट आहे. तेथला माणूस चहाला बाहेर पडला, की दुकानदाराला पुन्हा प्रमाणवेळच विचारतो. दोन्ही वेळा गुण्यागोविंदाने नांदतात, कारण कोणत्या कामाला कोणती, हे पक्के ठरलेले आहे.

जानेवारीतली घंटा

आणि येथेच आमच्या मुलांचा प्रश्न येतो. जानेवारीच्या मध्यास पारगावात सूर्योदय होतो सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरला तो पावणेसहाच्या आत झालेला असतो. साडेसातची घंटा दोन्हीकडे एकच धरली, तर तेथल्या मुलाने पावणेदोन तास ऊन पाहिलेले असते. आमच्याकडचे मूल घरून निघते तेच काळोखात.

हा काळोख शहरातल्यासारखा दिव्यांचा नसतो. वस्ती रानात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस, आणि त्या उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावात बिबट्याची भीती ही आजीने सांगितलेली गोष्ट नव्हे. माणसे दगावली आहेत, लहान मुले दगावली आहेत. पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र चालविले जाते, यावरून काय ते समजावे. मी ज्या महाविद्यालयात शिकवितो, तेथे पहिला तास सकाळी साडेसातला असतो. जुलैत वर्ग भरलेला असतो. डिसेंबर उजाडला की बाके रिकामी दिसू लागतात, आणि त्यांत मुलींची अधिक. हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढेच लिहिले जाते. ‘अजून उजाडले नव्हते’ असे लिहिण्याचा रकाना त्यात नाही. वेळ बदलावी म्हणून आम्ही काही शिक्षकांनी दोनदा अर्ज केला. ‘वेळापत्रक सर्वत्र हेच आहे’ असे उत्तर आले.

सर्वत्र हेच! परंतु सूर्य सर्वत्र तोच नाही, हे तर आर्यभटालाही ठाऊक होते.

यावर कोणी म्हणेल, मग पारगावला आपले वेगळे घड्याळ द्या! नको. मुंबईच्या हट्टाचे आपल्याला कौतुक वाटते. पण रस्ता ओलांडताना वेळ बदलणारे शहर पुन्हा कोणाला हवे आहे? गाडी, बँक, परीक्षा, दूरध्वनी, या साऱ्यांना एक घड्याळ लागते, आणि ते एकच असावे. पण घड्याळ आणि वेळापत्रक या दोन वस्तू आहेत, हे आपण विसरतो. घड्याळ किती वाजले ते सांगते. किती वाजता काय करावयाचे, ते माणसांनी ठरवावयाचे असते. १९०६ सालच्या गिरणी कामगाराचे दुखणे घड्याळात नव्हते, भोंग्यात होते. नव्या वेळेला भोंगाही एकोणचाळीस मिनिटे उशिरा वाजविला असता, तर त्याची झोप त्याला परत मिळाली असती.

सरकारलाही हे अगदी पटत नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला. घड्याळाचा काटा कोणी हलविला नाही. फक्त घंटा हलली. लहानग्यांसाठी जे झाले, तेच वस्तीवरून चालत येणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसाठी का होऊ नये? सूर्योदय साडेसहाच्या पुढे सरकेल त्या महिन्यांत पहिला तास तेवढाच पुढे न्यावा, आणि एसटीची फेरी त्याला जुळवून घ्यावी. याला ना संसदेचा कायदा लागतो, ना नवी रेखांशाची रेषा. लागते ती आपल्या गावाच्या आकाशाकडे एकदा पाहण्याची तयारी.

ती तयारी आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. नरकचतुर्दशीला पहाटे आई मुलांना उठविते, उटणे लावते, आणि ‘उजाडायच्या आत आंघोळ होऊ दे’ म्हणून घाई करते. पंचांगात गावोगावचे सूर्योदय निरनिराळे छापलेले असतात, आणि प्रत्येक घर आपल्या गावचा सूर्योदय मानते. मॉरिशसच्या मराठी घरात तो तेथला, अंदमानात तेथला, पारगावात पारगावचा. सणाला आपण जो मान आपल्या सूर्याला देतो, तोच वर्षभर आपल्या मुलांच्या शाळेच्या वाटेला मिळावा, एवढीच या दिवाळीची इच्छा. उजाडल्यावर निघालेले मूल धडपणे घरी पोहोचते. आणि कोणत्याही बेटावर, कोणत्याही घड्याळात, आईबापांना याहून अधिक काय हवे असते?